गोधडीची बैठक कशी बसवावी

गावात म्हाताऱ्या पुरुषांना पार असतो. मारुतीच्या देवळापुढं, नाहीतर स्टँडजवळच्या हॉटेलच्या बाकड्यावर ते सकाळ-संध्याकाळ बसलेले असतात आणि तिथं का बसलात, असं त्यांना कुणी विचारत नाही. बायकांना बसायलाही कामाचं निमित्त लागतं. जातं, आड, नदीवरचं धुणं ही ती निमित्तं होती. गिरणी आली, नळ आला ते बरंच झालं (पहाटे जातं ओढलेल्या कुठल्याही आजीला विचारा), पण त्याबरोबर चारचौघींचं बसणंही गेलं. आज सत्तरीतली बाई दुपारी टीव्हीसमोर असते, नाहीतर उंबऱ्यात एकटी.

गोधडी हे त्यातलं अजून शिल्लक राहिलेलं निमित्त. कुणी वाकळ म्हणतं, कुणी गोधडी. ती एकटीनं शिवता येते, पण पदर (कापडाचे थर) अंथरायला दुसरं माणूस लागतंच आणि दोरे भरायला, म्हणजे ओळीनं टाके घालायला, चौघी बसल्या तर काम कधी सरलं कळत नाही. हात गुंतलेले असले की तोंड आपोआप मोकळं होतं, डोळ्याला डोळा भिडवून बोलावं लागत नाही. म्हणून मनातलं बोलायला ही जागा बरी.

हा लेख बैठक पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यासाठी आहे. तुम्ही सून असाल, निवृत्त शिक्षिका असाल, आशाताई असाल किंवा ज्येष्ठ नागरिक संघात काम करत असाल. स्वतःला टाकासुद्धा घालता येत नसेल तरी चालेल, उलट ते सोयीचंच आहे. का, ते पुढं येईल.

आपल्याकडं याची गरज का

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५च्या जूनमध्ये अहवाल दिला. जगात सहापैकी एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्याकडं हा एकटेपणा कॅलेंडर बघून येतो. बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वाड्या-तांड्यांवर मागं उरतात म्हातारा-म्हातारी आणि शाळेतली लेकरं. ते थेट पाडव्याच्या आसपास कोयता (ऊसतोड मजुरांची जोडी) परत येईपर्यंत. लातूर-नांदेडकडची पोरं पुण्याला नोकरीला असतात, ती दिवाळीला दोन दिवस येतात.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी भागात जी गावं नव्या जागी वसली, तिथली गोष्ट आणखी वेगळी. रस्ते रुंद झाले, घरं सुटी-सुटी झाली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत असायची, भांडं पडलं तरी शेजारीण विचारायची. अशा गावात अख्ख्या गावाची एक बैठक करू नका, आळीनिहाय छोट्या करा. गुडघे दुखणारी बाई अर्धा किलोमीटर चालत येणार नाही.

माणसं कशी जमवायची

दवंडी देऊ नका, बॅनर लावू नका, व्हॉट्सॲपवर ‘सर्वांना सूचना’ टाकू नका. म्हाताऱ्या बायकांना कार्यक्रमाचं वावडं नसतं, पण कार्यक्रम म्हटला की त्या लुगडं बदलून येतात, खुर्चीत बसतात आणि भाषण संपलं की उठून जातात.

घरी जा. जाताना एक जुनं सुती पातळ घेऊन जा आणि खरा प्रश्न विचारा. “काकू, याची गोधडी करायची आहे. किती पदर घालू?” उत्तरादाखल आधी तुमची कीव केली जाईल, मग तुमच्या आईनं तुम्हाला काहीच कसं शिकवलं नाही यावर दोन वाक्यं होतील, आणि मग काकू पातळ हातात घेऊन उजेडात धरतील. झालं. तुम्हाला शिवता येत नाही हे इथं कामाला येतं. “तुम्हाला शिकवायला आलो आहोत,” असं सांगत गेलात तर ऐकावं लागेल, “आता ह्या वयात मला काय शिकवायलीस माय?” आणि ते रास्तच आहे.

सहा ते आठ जणी पुरे. एका गोधडीभोवती चौघी नीट बसतात, म्हणजे दोन गोधड्या एका वेळी. पंधरा झाल्या की गोंगाट होतो आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्या कोपऱ्यात गप्प बसतात. बोलावताना एक ध्यानात ठेवा. ज्या आधीच सगळीकडं असतात, भजनात, बचत गटात, हळदीकुंकवाला, त्या येतीलच. ज्या कुठंच नसतात त्यांच्या दारी दोनदा जा. नवरा नुकताच गेलेली, मुलाकडं शहरात राहायला आलेली, लकवा झालेली, कुठल्याच भावकीत नसलेली, या बायकांसाठीच हा सगळा खटाटोप आहे.

पुरुष आले तर येऊ द्या. गावात एखादा शिंपीकाम सोडलेला म्हातारा असतोच. कात्री त्याच्या हाती द्या आणि मग बघा त्याची ऐट. बाकीच्यांना सुया ओवणं, कापडाच्या घड्या घालणं, चहा करणं जमतं. मात्र पहिले चार-सहा आठवडे बायकांनाच बसू द्या, नाहीतर पुरुष बोलतात आणि बायका ऐकतात.

जागा आणि वेळ

जागेवरून बैठक कुणाची, हे ठरतं. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, थंडगार असतो, पण तिथं बसलात तर मोहल्ल्यातल्या खाला येणार नाहीत आणि काही गावांत वस्तीवरल्या बायकाही पायरीशी घुटमळतील. पाटलाच्या वाड्यातही तेच. शाळेचा व्हरांडा, मुलं गेल्यावरची अंगणवाडी, समाजमंदिर, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली अशी सगळ्यांची जागा शोधा. उजेड हवा, पायऱ्या कमी हव्यात आणि संडास जवळ हवा. शेवटची गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, पण संडास नसला की तिसऱ्या आठवड्यापासून बायका कमी होतात.

वेळ दुपारी दोन ते साडेचार. जेवणं आटोपलेली असतात, चहाच्या वेळेला घरी परतता येतं. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी आठ ते दहा. आठवड्यातून दोनदा, वार ठरलेले, आठवडी बाजाराचा दिवस सोडून. वार एकदा ठरला की एकच बाई आली तरी बसायचं.

पूर्वी गोधड्या उन्हाळ्यात शिवल्या जायच्या, रानातली कामं सरल्यावर. गावात सुरुवात त्याच सुमारास करा, होळी ते मृगाच्या मध्ये. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला साठीतल्या बायकाही रानात असतात, तेव्हा बैठक आपोआप ओस पडते. अपवाद ऊसतोडीच्या गावांचा. तिथं खरी गरज हिवाळ्यातच असते, आणि परभणीकडं कधीकधी पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा गोधडीचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही.

कुणी शेजारच्या गावाहून येणार असेल तर एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. पंच्याहत्तरीच्या आतल्या महिलांना तर वय काहीही असो, अर्धंच. ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा.

कापड

इथं जरा थांबावं लागेल, कारण निम्म्या गोधड्या कापडावरच बिघडतात.

सुती हवं. धोतर, सुती पातळ, नऊवारी लुगडं, जुनी चादर, पंचा. अडचण अशी की आता घरोघरी निघतात त्या सिंथेटिक साड्या. त्या फाटत नाहीत म्हणून टाकवत नाहीत, पण पदर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. अगदीच नाइलाज असेल तर एखादी मधल्या थरात घाला, अंगाला लागेल अशी नको. लेकराच्या दुपट्यात तर अजिबात नको.

हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. सहा फुटांचे तीन तुकडे पडतात आणि पन्हा चार फुटांच्या आसपास असतो. दोन साड्यांत सहा पदरांची एका माणसाची गोधडी झाली. नऊवारीचे चार तुकडे पडून थोडं उरतं, ते ठिगळांना. थंडीसाठी सहा पदर पुरतात. आठ-नऊ घातले की सुई पार होत नाही, बोटं दुखतात, आणि धुताना ती उचलत नाही.

आणलेलं सगळं कापड आधी गरम पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा. हे सगळ्यांच्याच कापडाला करा, म्हणजे कुणाचं कापड ‘चालतं’ आणि कुणाचं नाही ही कुजबुज उठत नाही. हुक, फॉल, टोचणारी जर काढा. मग दोन्ही हातांनी ताणून बघा. चर्र आवाज आला की ते पोटात, भर म्हणून. टणक निघालं की वर.

आणि कापड कुणाचं, ते विचारल्याशिवाय कात्री लावू नका. गेलेल्या माणसाचं धोतर किंवा पातळ गोधडीत घालायची रीत बऱ्याच घरांत आहे, काही घरांत ते अजिबात चालत नाही. एखादी आजी पिशवीतून मळकट रंगाचं धोतर काढते, बाकीच्यांना दाखवते आणि परत पिशवीत ठेवते. पुढच्या वेळी पुन्हा आणते, पुन्हा ठेवते. घाई करू नका. तिला ते फाडायचं नसेल तर अख्खं अस्तराला लावता येतं, हे फक्त एकदा सांगून ठेवा.

पहिलं काम दुपट्याचं

सुरुवातीला मोठी गोधडी घेतली की महिनाभर ती संपतच नाही आणि नव्या माणसाचा धीर सुटतो. तीन फूट बाय तीन फुटांचं, चार पदरी, मऊ जुन्या कापडाचं दुपटं घ्या. दोन-तीन बैठकांत होतं. गावात कुणी ना कुणी बाळंतीण असतेच, तिच्याकडं ते सगळ्यांनी मिळून घेऊन जायचं. त्या एका फेरीनं बैठकीची जेवढी बातमी पसरते तेवढी कुठल्याच बॅनरनं पसरत नाही.

सामान फार नाही. लांब सुया डझनभर, गोधडीचा जाड दोरा (तो न मिळाल्यास साधा सुती दोरा दुहेरी), मेणाचा तुकडा, एक चांगली कात्री, दोन-तीन अंगुस्ताने (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायच्या टोप्या). आणि सुईत दोरा ओवायची ती पत्र्याची चिमुकली पट्टी, चार-पाच. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही.

साफ जमिनीवर सतरंजी टाका, त्यावर अस्तर. चारी कोपऱ्यांवर तांब्या, खलबत्ता, जे जड असेल ते ठेवा. अस्तरावर भर, भरावर वरचा पदर. प्रत्येक थर टाकला की पाण्याचा हलका हबका मारून तळहातानं मधून कडेकडं चोळत न्या. इथं घाई केली की शिवून झाल्यावर गोळे होतात आणि ते मग जन्मभर पाठीला लागतात. मग वितीवितीवर कच्चे टाके घाला आणि कडा आत दुमडून घ्या.

आता दोरे भरायचे. बहुतेक जणी कडेपासून सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यावर येतात. काहीजणी सरळ आडवे दोरे भरतात. कुठली रीत बरोबर, यावर वाद होईल. होऊ द्या, मजा येते. फक्त एका गोधडीला एकच रीत ठेवा. दोन दोऱ्यांत बोटभर अंतर. टाका किती मोठा विचाराल तर ज्वारीच्या दाण्याएवढा. चौघी चार बाजूंना बसल्या की प्रत्येकीचा दोरा कोपऱ्यावर शेजारणीच्या दोऱ्याला येऊन मिळतो. वाकडा आला तरी तो तिचा आहे. रात्री घरी नेऊन कुणाचा टाका उसवून नीट करायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. थरथरत्या हाताची बाई आपला टाका बदललेला लगेच ओळखते, आणि मग काहीतरी कारण काढून यायची बंद होते.

डोळे, गुडघे, सुया

“मला दिसना झालंय,” हे न येण्याचं पहिलं कारण. त्यातलं बरंचसं चष्म्यानं सुटतं, काही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनं, आणि त्यासाठी मोफत शिबिरं होतच असतात. बैठकीत तीन-चार जणींना एकच अडचण आहे हे कळलं की त्या एकत्र जातात. एकटी कधीच गेली नसती. तोवर गडद कापडावर पांढरा दोरा, आणि दाराजवळची जागा तिला. सुया ओवून ठेवायचं काम नातवंडांना द्या. शाळेत जाण्याआधी पाच-पाच सुया ओवून उशीला टोचून गेली की आजीची दुपार निर्धास्त.

सगळ्यांना मांडी घालता येत नाही. बाजेवर गोधडी पसरा आणि भोवती खुर्च्या मांडा, गुडघ्यांचा प्रश्न मिटला. अर्ध्या तासानं सगळ्यांनी उठून एक फेरी मारायची. बोटं आखडत असतील तर सुईच्या वरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की पकड येते. साखरेचा आजार असलेलीनं अंगुस्ताना घातल्याशिवाय बसायचं नाही, टोचलेलं लवकर भरत नाही.

सुया मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. एक जरी कमी भरली तरी कुणी उठायचं नाही. लोहचुंबक फिरवा, गोधडी उलटी-सुलटी चाचपा. ती सुई पुढं कुणाच्या तरी नातवाच्या पाठीत निघणार असते.

जिला शिवणं जमतच नाही तिला रंग निवडू द्या. कुठल्या ठिगळाशेजारी कुठलं, हे ठरवणारी कुणीतरी हवीच असते. घरातून बाहेर पडता न येणारीकडं कापडाचे चौकोन पाठवा, ती पडल्या-पडल्या दोन जोडून देईल.

येतं तेच किती दिवस?

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठ ते नव्वद वयाच्या २२१ जणांतल्या काहींना तीन महिने गोधडीकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली, आठवड्याला सरासरी पंधराहून अधिक तास. एक गट नुसताच एकत्र येऊन गप्पा, सहली करत होता. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती नवं शिकणाऱ्यांत, आणि फोटोग्राफीवाल्यांत ती अधिक होती.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की तिकडच्यांना गोधडी नवी होती, आपल्या आज्यांना ती येते. म्हणून दोन गोधड्या झाल्या की काहीतरी न येणारं पुढ्यात ठेवा. ठिगळांची नक्षी आधी कागदावर मांडून बघणं, कापडाची फुलं-पाखरं कापून वर शिवणं, कोपऱ्यात आपलं नाव दोऱ्यानं लिहिणं. अंगठा उठवणारी बाई स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर सुईनं काढते तेव्हा जीभ दातात धरून बसते. कर्नाटकातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली त्रिकोणी फुलं लावतात. तीही करून बघण्यासारखी आहेत, वाटतात तेवढी सोपी नाहीत.

बोलणं, भांडणं आणि सुना

घरची सून पहिल्यांदा साशंक असते. सासू तिथं आपल्याबद्दलच बोलत असणार, असं तिला वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नसतं. एकदा सगळ्या सुनांना चहाला बोलवा. आणि बैठकीत ठरवून टाका, इथलं इथंच. एकीचं दुसरीच्या घरी नेलं, की बैठक मोडलीच.

बोलता-बोलता कुणी मारहाणीचं, उपाशी ठेवण्याचं, जमिनीच्या कागदावर अंगठा घेतल्याचं सांगितलं तर तो विषय गप्पांत विरू देऊ नका. १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. २००७च्या ज्येष्ठांच्या निर्वाह कायद्याखाली आई-वडिलांना आणि ज्येष्ठांना उपविभागीय अधिकाऱ्याकडं निर्वाहासाठी अर्ज करता येतो. मात्र तिच्या परवानगीशिवाय फोन करू नका, घरात राहायचं तिला आहे.

सलग दोन बैठकांना कुणी आली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या घरी जायचं. कोण जाणार, ते आधीच ठरलेलं असावं. बाकी सगळं सैल चाललं तरी हे मात्र चुकू देऊ नका.

गोधडी कुणाची, आणि विकायची का

पाळी लावा, भिशीसारखी. चिठ्ठ्या टाकायच्या, नाव निघेल तिच्या कापडाची गोधडी सगळ्यांनी मिळून शिवायची. जिच्याकडं कापडच नाही तिची पाळीही धरायची, तिला बाकीच्यांनी एकेक तुकडा द्यायचा.

विकायचा विषय निघेलच. कुणीतरी फोनवर गोधडीची किंमत दाखवतं आणि सगळ्यांचे डोळे मोठे होतात. माझं मत असं की पहिलं वर्ष विकू नये. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या काळ्या स्त्रियांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. तिनं घरात पैसा आणला, ते छोटं काम नव्हतं. पण मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता, त्यामुळं मन मानेल तशी जोडलेली ठिगळं मागं पडली. आपल्याकडंही ऑर्डर आली की तारीख येते, आणि तारीख आली की थरथरत्या हाताची बाई आधी गळते. ज्यांना कमवायचं आहे त्यांनी वेगळा गट करावा, उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांची आणि त्यांचा माल विकणाऱ्या सरस प्रदर्शनांची वाट धरावी, कापड-दोरा-मजुरीचा हिशेब वहीत लिहावा. दुपारची बैठक त्यापासून लांब ठेवावी.

धुणं

नवरात्राआधी गोधड्या धुवायला काढतात, तेव्हा बैठकीतल्या सगळ्यांच्या एकाच दिवशी काढा. भिजलेली गोधडी दोन धडधाकट माणसांना उचलावी लागते. म्हाताऱ्या बायकांना कालव्यावर नेऊन ती पिळायला लावू नका, घरातल्या तरण्या पोरांना कामाला लावा. आदल्या रात्री भिजत घाला, पायानं तुडवा, पिळू नका, नुसतं पाणी निथळू द्या. दोरीवर टाकली तर वजनानं टाके ओढले जातात, म्हणून गच्चीवर किंवा खळ्यात पसरून दोन दिवस दोन्ही बाजूंनी ऊन द्या. आतला पदर ओला राहिला तर वास कधीच जात नाही. घडी घालताना कडुलिंबाचा सुका पाला टाका. आणि उसवलेला दोरा दिसला की तिथं रंगीत कापडाची बोटभर चिंधी बांधून ठेवा, पुढच्या बैठकीचं काम तिथूनच सुरू होतं.